पिलाला घर मोकळे केव्हा करावे?

घरात आणलेले कुत्र्याचे पिलू मोठे होऊ लागले की बहुतेक कुटुंबांत एक वाद हटकून उभा राहतो. घरधनी म्हणतो, आता ते शहाणे झाले, मोकळे राहू द्या. गृहिणी म्हणते, आधी त्या कुरतडलेल्या वहाणा पाहा, मग बोला. सारी माणसे बाहेर गेली असता पिलाला कोंडून ठेवावे की घर त्याच्या स्वाधीन करावे, हा तो वाद. आमच्या परसवाडा-बैहर भागात पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. कुत्रे ओसरीवरचे, लहान असेतो डालग्याखाली झाकले की काम भागे, आणि घरी कोणी ना कोणी म्हातारे माणूस असेच. आता घरे पक्की झाली, दारांना कुलपे लागू लागली, पतिपत्नी दोघेही नोकरीवर जाऊ लागली, आणि शहरांतून लोखंडी जाळीचा पिंजराही येऊन पोहोचला.

पिंजरा हा शब्द ऐकताच कित्येकांना क्रौर्य आठवते. मला तसे वाटत नाही. निजण्याची जागा शक्यतो घाण करू नये ही प्रवृत्ती पिलात उपजतच असते, आणि उभे राहता, वळता व पाय ताणून झोपता येईल एवढी आडोशाची जागा त्याला सुखाची वाटते. याउलट हातभर साखळीने दिवसभर खुंट्याला जखडलेले कुत्रे चिडखोर होते, हे कोणत्याही गावात पाहायला मिळते. मात्र पिंजरा ही थोड्या वेळची सोय आहे. पिलाला लघवी आवरण्याची शक्ती सावकाश येते. महिन्यांच्या वयात एक मिळवावा आणि तेवढे तास फार तर धरावेत, असा ढोबळ हिशेब सांगतात. तीन महिन्यांच्या पिलाला सकाळी दहा ते सायंकाळी पाचपर्यंत कोंडणारा मनुष्य त्याला शिस्त लावीत नाही. आपल्याच घाणीत बसण्याची सवय लावतो.

मग दार उघडायचे केव्हा? शाळेत वय पाहून मुलाला वर्गात बसवतात. येथे केवळ वयावर भागत नाही, तरी वयाचा विचार टाळताही येत नाही. पिलाचे २८ दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास पक्के ४२ दात येऊन पुरे होतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. खाटेचा पाय, दाराची चौकट, मुलांचे दप्तर, काहीही दाताखाली जाते. तो दुष्टपणा नव्हे. पुढे दात स्थिरावले, घर घाण करणे थांबले, की मालकाला वाटते, आता झाले. नेमका येथेच धोका आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी अॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पाच महिन्यांचे असताना आज्ञा पाळणारे कुत्रे आठ महिन्यांचे झाले की आपल्याच माणसाचे ऐकेनासे होते. परक्याचे मात्र ऐकते! वर्षाच्या सुमारास ते पुन्हा ताळ्यावर येते. आईबापांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. म्हणून सहा-सात महिन्यांच्या गुणी पिलावर विसंबून साऱ्या घराची मोकळीक देण्याची घाई करू नये. बहुतेकांच्या बाबतीत वर्षाच्या पुढेच हा विचार करावा, आणि लॅब्राडॉरसारख्या मोठ्या व खेळकर जातीत दीड-दोन वर्षेही लागतात.

मोकळीक द्यायची ती एकदम नव्हे. प्रथम एकच खोली, तीही आवरलेली. फिरवून, पोट साफ होऊ देऊन, थकल्यावर त्याला तेथे ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे बाहेर जाऊन यावे. जाताना निरोपाचा सोहळा नको, परतल्यावर कौतुकाचा पूर नको. खोली जशीच्या तशी सापडली तर वेळ वाढवीत न्यावी. दोन-तीन आठवडे काहीही बिघडले नाही की दुसरी खोली उघडावी. मध्येच घोटाळा झाला तर एक पायरी मागे यावे. स्वयंपाकघर व धान्याची खोली शेवटपर्यंत बंदच बरी. आमच्याकडे भाताच्या कोठीपाशी उंदरांचे औषध ठेवण्याची रीत आहे, कोपऱ्यात युरियाचे पोतेही असते. यांतले काहीही पिलाच्या पोटात जाणे म्हणजे जिवाशी गाठ. बेदाणे, कांदा, चॉकलेट हे आपले पदार्थही कुत्र्याला विषारी ठरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक भेद ओळखला पाहिजे. कंटाळलेले पिलू उशी फाडते, ती खोलीत कोठेही. पण एकटेपणाने घाबरलेले पिलू दाराशीच ओरबाडते, सतत केकाटते, त्याची लाळ गळते, खाणे समोर असून ते तोंड लावत नाही. अशा पिलाला पिंजऱ्यात घातले तर दात व नखे मोडून घेईपर्यंत ते धडपडते. त्याला कोंडणेही नको आणि सोडून जाणेही नको. मिनिटामिनिटाने एकटे राहण्याची सवय लावणे, एवढाच उपाय.

शिक्षेविषयी महाभारताच्या आदिपर्वातील एक प्रसंग मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता देवशुनी सरमेचे पिलू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. सरमा जाब विचारायला आली. माझ्या मुलाने हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग त्याला का मारले, असा तिचा प्रश्न होता. उत्तर कोणालाच देता आले नाही, आणि तिने शाप दिला की तुम्हाला अकल्पित भय येईल. सायंकाळी घरी येऊन सकाळच्या फाटलेल्या गादीसाठी पिलाला झोडपणारा मनुष्य याहून वेगळे काय करतो? शिक्षा कशासाठी, हे त्या पिलाला कळत नाही. धनी परतला की मार बसतो, एवढेच ते शिकते.

‘घरात मोकळे’ आणि ‘गावात मोकळे’ या दोन गोष्टी आमच्या भागात तरी एक मानून चालणार नाहीत. बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत पसरलेले कान्हा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान व १९७३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा रात्री ओसरीवर साखळीने बांधलेले पिलू म्हणजे पळताही न येणारे भक्ष्य. त्याला दाराच्या आतच घ्यावे, मग एखादी वहाण गेली तरी चालेल. जंगलाकडे भटकणारे कुत्रे उलट बाजूनेही घातक ठरते. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरमध्ये मेलेल्या सिंहांपैकी काहींत त्याच रोगाचे विषाणू सापडले. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून या रोगाच्या लसी आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस पिलाला टोचलेली असावी. दोरी सोडण्याचा विचार त्यानंतरचा.

मोकळीक एकदा दिली म्हणजे पिंजरा किंवा डालगे लगेच माळ्यावर टाकू नये. दिवाळीचे फटाके, श्रावणातला गडगडाट, घरातले लग्नकार्य अशा वेळी चांगले समंजस कुत्रेही आपणहून आपला जुना कोपरा शोधते. दार उघडे ठेवून, आत जुनी गोधडी अंथरून, तो कोपरा तसाच असू द्यावा.