परिणामकारक पर्जन्य व अपधावाचे अनुमान : बजाजनगर परिसराच्या संदर्भात
‘परिणामकारक पर्जन्य’ ही संज्ञा फसवी आहे. कृषिशास्त्रज्ञ पिकास उपयोगी पडणाऱ्या पावसास, तर जलशास्त्रज्ञ अपधावरूपाने वाहून जाणाऱ्या पावसास हे नाव देतो. एकाचा लाभ ती दुसऱ्याच्या हिशेबातील घट होय.

अपधावाच्या अनुमानासाठी ‘कर्व्ह नंबर’ पद्धत रूढ आहे. हा अंक मृदा, भूवापर व पूर्वीची ओल यांवरून ठरतो. साठवणक्षमतेच्या 0.2 पट प्रारंभिक घट धरता 50 मि.मी. पावसाचा अपधाव अंक 80 असल्यास 13.8 मि.मी., तर 90 असल्यास 27.1 मि.मी. येतो.

बजाजनगर परिसरातील काळी जमीन जूनमध्ये भेगाळलेली असते, तेव्हा ती पाणी पिते. भिजून फुगल्यावर मात्र झिरपू देत नाही. शिवाय वाळूज औद्योगिक वसाहतीमुळे शेतांच्या जागी छपरे व रस्ते आले आहेत. अशा ठिकाणी जुन्या भूवापर नकाशावरून 80 हा अंक घेतला आणि प्रत्यक्ष स्थिती 90 ची असली, तर नाल्यात येणारे जवळपास निम्मे पाणी हिशेबाबाहेरच राहते.