मिशनघराचा निरोप

मिशनरी निघतो तेव्हा त्याची पाठवणी होते. वेदीपुढे त्याच्या मस्तकावर हात ठेवले जातात, गळ्यात क्रूस घातला जातो, आप्तस्वकीय डोळे पुसतात. या पाठवणीविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि लिहितो. परंतु परमुलखात आयुष्य घालवून तेथील घर सोडण्याची वेळ येते तेव्हा काय होते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. त्यातही पतिपत्नींनी मिळून तेथे संसार थाटलेला असेल, तर हा निरोप अधिकच अवघड असतो. आजच्या लेखात आम्ही याच निरोपाचा अर्थ उलगडण्याचा प्रयत्न करणार आहोत.

वसईच्या भूमीला निरोप नवा नाही. येथे जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया घर सोडून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे रक्तसाक्षी झाले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला परतले नाहीत. अशा व्रतस्थांचे घर म्हणजे त्यांचा संघ. ते एका मठातून दुसऱ्या मठात जातात. दाम्पत्याचे तसे नसते. त्यांच्या घरात पाळणा हललेला असतो, अंगणात झाड लावलेले असते, क्वचित गावच्या दफनभूमीत एखादी कबरही असते.

नव्या करारातील दाम्पत्य

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अक्विला व प्रिस्किल्ला हे दाम्पत्य आपल्याला भेटते. अक्विला मूळचा पंत प्रांताचा. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा हे दोघे करिंथ येथे आले. तंबू शिवणे हा त्यांचा व्यवसाय. पौलाचा व्यवसायही तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. करिंथ येथील ख्रिस्तसभा या घराच्या आश्रयाने वाढली. पुढे पौल निघाला तेव्हा हे दोघेही ते घर सोडून इफिसला गेले. तेथे त्यांनी अपुल्लोससारख्या विद्वानाला आपल्या घरी नेऊन प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यानंतर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ते पुन्हा रोममध्ये दिसतात आणि तेथेही त्यांच्या घरी मंडळी जमते.

रोम, करिंथ, इफिस आणि पुन्हा रोम! प्रत्येक ठिकाणी घर उभे केले, ते ख्रिस्तसभेला दिले आणि सोडून पुढे गेले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ फेब्रुवारी २००७ रोजीच्या आपल्या प्रबोधनात या दाम्पत्यावर चिंतन केले होते. कुटुंबाचे घर हे ख्रिस्तसभेचे घर होऊ शकते, हा त्या चिंतनाचा गाभा होता.

मराठी मातीतील उदाहरणे

लॅटिन परंपरेतील धर्मगुरू अविवाहित असल्यामुळे मिशनरी दाम्पत्याचा इतिहास आपल्या कॅथलिक मिशनांत कमी आढळतो. तो आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या मिशनांत सविस्तर सापडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याची जी दृष्टी दिली, तिच्या आधारे तो आपलाही ठेवा मानण्यास हरकत नाही.

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रॉक्साना नॉट हे दाम्पत्य मुंबईत पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. तो पुढे मागे घेतला गेला, पण अवघ्या काही वर्षांत नॉट यांची प्रकृती ढासळली आणि त्या दाम्पत्याला मुंबईचा निरोप घ्यावा लागला. हॉल यांनी १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी विवाह केला. १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या आणि हॉल कामासाठी मागे राहिले. थोरला मुलगा प्रवासातच दगावला. २० मार्च १८२६ रोजी हॉल यांनाही नाशिककडील दौऱ्यात पटकीने गाठले. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण आम्हांला ह्यूम कुटुंबाचे वाटते. रॉबर्ट विल्सन ह्यूम व त्यांची पत्नी हॅना १८३९ साली मुंबईला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईतच जन्मला. वडिलांची प्रकृती खालावल्यामुळे १८५४ मध्ये कुटुंबाने मुंबई सोडली. त्या परतीच्या प्रवासात वडिलांचे समुद्रावरच निधन झाले. सात वर्षांच्या रॉबर्टचा हा पहिला निरोप. हॅना यांनी एकटीने मुलांना अमेरिकेत वाढवले आणि त्यांतील दोन मुले पुन्हा महाराष्ट्रात परतली. भायखळ्याचे ह्यूम हायस्कूल आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते ज्यांच्या कार्यातून उभे राहिले, ते एडवर्ड ह्यूम हे रॉबर्ट यांचे बंधू.

रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ साली परतले आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी झाली. १८७८ मध्ये त्यांनी तेथे ईश्वरविज्ञानाचे विद्यालय सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे याच विद्यालयात शिकवीत असत आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये डॉ. ह्यूम आपल्याला भेटतात. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. पहिल्या पत्नी ॲबी यांचे १८८१ मध्ये निधन झाले. १८८७ साली त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी विवाह केला. केटीही मराठी मुलखातील मिशनरी कुटुंबातल्याच, सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या.

१९२६ साली, बावन्न वर्षांच्या सेवेनंतर, या दाम्पत्याने भारताचा निरोप घेतला. मिशनच्या कागदोपत्री ते ‘स्वदेशी’ परतत होते. परंतु स्वदेश कोणता? ज्या मुलखात जन्म झाला, जेथील भाषेत आयुष्यभर प्रार्थना केली आणि प्रवचने दिली, तो मागे राहत होता. एकोणऐंशी वर्षांचा वृद्ध अमेरिकेला निघाला होता, तो आपल्या घरी जात होता की घर सोडून जात होता, याचे उत्तर सोपे नाही. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, रॉबर्ट ह्यूम अमेरिकेत निवर्तले.

मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस यांचीही कथा अशीच आहे. १८८९ साली ते पत्नी मेरी हिच्यासह भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. मेरी यांचे १९०६ मध्ये भारतातच निधन झाले. १९२८ साली निवृत्त होऊन वानलेस दुसऱ्या पत्नी लिलियन यांच्यासह निघाले, तेव्हा मागे केवळ रुग्णालय राहिले नाही.

घर कोणाचे?

मिशन कंपाऊंडमधील बंगला मिशनरी दाम्पत्याच्या मालकीचा नसे, तो मिशनचा असे. सात-आठ वर्षांनी रजा मिळे, तेव्हा तो दुसऱ्या कुटुंबाकडे जाई. मुले मोठी झाली की शिक्षणासाठी मायदेशी पाठवावी लागत आणि आईवडील व मुले यांची वर्षानुवर्षे ताटातूट होई. म्हणजे अखेरचा निरोप येण्यापूर्वी या घराने कित्येक लहान निरोप पाहिलेले असत.

ही व्यवस्था कठोर वाटते आणि ती कठोर होतीच. परंतु तिच्यामागे एक तत्त्वही होते. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले होते. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी, असे त्यांचे आग्रही मत होते. आपल्या ख्रिस्तसभेतही पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ३० नोव्हेंबर १९१९ रोजीच्या ‘मॅक्सिमुम इल्लुद’ या पत्रात स्थानिक धर्मगुरू घडवण्यावर भर दिला. हे धर्मगुरू परदेशी मिशनऱ्यांचे केवळ मदतनीस न राहता एके दिवशी स्वतः धुरा वाहणारे व्हावेत, हा त्यामागील हेतू.

याचा अर्थ असा की, मिशनघर हे सोडण्यासाठीच बांधलेले असते. दाम्पत्य निघून गेल्यावर काम कोलमडले, तर ते काम त्या दोघांचे होते. ते चालू राहिले, तर ते प्रभूचे व तेथील लोकांचे झाले. म्हणून निरोप हा मिशनकार्याचा शेवट नसून त्याची कसोटी होय.

आज आपल्यापुढे

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘आद जेन्तेस’ (७ डिसेंबर १९६५) या आदेशाने आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्या ‘रेदेम्प्तोरिस मिस्सियो’ (७ डिसेंबर १९९०) या विश्वपत्राने प्रापंचिकांच्या मिशनकार्याला स्पष्ट मान्यता दिली. आज कॅथलिक दाम्पत्येही मुलाबाळांसह परदेशी मिशनात जातात.

शिवाय आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त आखातात आहेत. तेथील ख्रिस्तसभा प्रामुख्याने अशा स्थलांतरितांचीच आहे. बाहरीनमधील अवाली येथे डिसेंबर २०२१ मध्ये अरबस्तानची माता या नावाचे कॅथेड्रल उघडले, तेही त्यांच्याच श्रद्धेची साक्ष देते. दिवसा नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, असे करणारी पतिपत्नी ही आजची अक्विला व प्रिस्किल्लाच होत. त्यांतील बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की घर आवरावे लागते आणि वीस-पंचवीस वर्षांची प्रार्थनामंडळी मागे राहते.

अशा दाम्पत्याचा निरोप नीट व्हावा, यासाठी तीन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, हारतुरे व मानपत्र यांच्याआधी काम सोपवले जावे. वर्ग कोण घेणार, आजाऱ्यांना कोण भेटणार, हे निघण्यापूर्वीच ठरावे. दुसरी, दुःखाला जागा द्यावी. प्रभूच्या कामासाठी गेलेल्यांनी रडू नये, असे कोणी म्हणू नये. इफिसच्या वडीलधाऱ्यांनी पौलाच्या गळ्यात पडून अश्रू ढाळले, हे पवित्र शास्त्रच सांगते. तिसरी गोष्ट परतल्यानंतरची आणि आपल्या हातातली. परतलेल्या दाम्पत्याला आपण ‘किती कमावले?’ असे विचारतो. ‘तेथे कोणाला मागे ठेवून आलात?’ हे कोणी विचारत नाही. त्यांची मुले येथे जन्मलेली नसतात. आपल्याला जे त्यांचे गाव वाटते, ते त्यांना परके असते. त्यांना धर्मग्रामात काम द्यावे, त्यांचे अनुभव ऐकावेत आणि रुळण्यास वेळ द्यावा.

पोप अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये, म्हणजे ह्यूम दाम्पत्य निघाले त्याच वर्षी, जागतिक मिशन रविवाराची प्रथा सुरू केली. ऑक्टोबरमधील त्या रविवारी आपण निघालेल्यांसाठी प्रार्थना करतो. यापुढे परतलेल्यांचीही आठवण त्या दिवशी ठेवावी, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.