सगळ्यात आधी पाहणारा माणूस

छातीचा सीटी स्कॅन व्हायला किती वेळ लागतो? एकदा श्वास रोखून धरण्यापुरता! टेबल यंत्राच्या गोल कड्यातून सरकतं, क्ष-किरणांची नळी अंगाभोवती गरगर फिरते आणि काही सेकंदांत फुप्फुसांचे शेकडो पातळ छेद पडद्यावर हजर होतात. कुठे चिरा नाही, टाका नाही. १८९५ साली राँटगेनने पत्नीच्या हाताची हाडं टिपली, तेव्हा जग थक्क झालं होतं. आज आपण श्वासागणिक फुगणारं फुप्फुस कापल्याविना उलगडून पाहतो.

या यंत्राइतकंच नवल काचेपलीकडे कन्सोलवर बसलेल्या टेक्निशियनचं आहे. चित्र सगळ्यात आधी दिसतं ते त्याला. निरोगी फुप्फुसात हवा भरलेली, म्हणून ते पडद्यावर काळं दिसतं. कोविडमध्ये वायुकोशांत द्रव साचू लागला की त्या काळ्यावर दुधी काचेसारखे धूसर डाग उमटत. बहुधा दोन्ही बाजूंना, कडेकडेने. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येकाला बाधेच्या प्रमाणात शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ‘स्कोअर किती आला?’ हा घरोघरचा प्रश्न झाला होता. त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारला एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या या स्कॅनचे, दर दोन ते तीन हजार रुपयांत बांधून द्यावे लागले होते.

हा स्कोअर सांगायचा अधिकार रेडिओलॉजिस्टचा. टेक्निशियनला रोज पडदा पाहून अंदाज येतो, पण त्याने बोलायचं नाही. टेबलावरून उठता उठता कुणी विचारतं, “बाळा, काय दिसलं रे?” आणि तो म्हणतो, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील, आजोबा. सावकाश उठा.” आवाज जराही हलू द्यायचा नाही. साथीत पीपीई किटमुळे चेहरा दिसत नसे, म्हणजे धीर द्यायला आवाजच काय तो उरे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींचा अभ्यास करून अशा कष्टांना ‘भावनिक श्रम’ म्हटलं. हे श्रम पगारपत्रकात दिसत नाहीत, पण माणसाला थकवतात. साथीत एक पेशंट उठला की टेबल पुसायचं, हातमोजे बदलायचे आणि पुढच्याला तसंच शांतपणे म्हणायचं : श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.

साथीत आयसीयूतलं काम तर अंगाला भिडणारं. पोर्टेबल एक्सरे मशीन ढकलत खाटेपाशी न्यायचं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला उचलून पाठीखाली प्लेट सरकवायची. त्या क्षणी दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर. अंगावर किट, त्यात शिशाच्या एप्रनचं ओझं आणि डोक्यात घरच्या म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी. गौरव झाला तो मुख्यतः डॉक्टर-नर्सचा. एक्सरे काढणारा कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही.

मनावर याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? आयर्लंडमध्ये २०२०च्या पहिल्या लाटेत रेडिओग्राफरांची पाहणी झाली. दहांपैकी सुमारे चौघांनी कोविडमुळे पार गळून गेल्याची लक्षणं सांगितली आणि तिघांच्या मनात नोकरी बदलण्याचा किंवा निवृत्तीचा विचार येऊन गेला होता.

साथ ओसरली की मनही आपोआप सावरतं, असं आपण समजतो. टोरांटोचा अनुभव वेगळा आहे. तिथे २००३ साली सार्सची साथ आली. त्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी संशोधकांनी तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची तुलना सार्सचे रुग्ण न आलेल्या शेजारच्या हॅमिल्टनमधल्या कर्मचाऱ्यांशी केली. टोरांटोच्या लोकांत थकवा आणि मानसिक ताण तेव्हाही जास्त होता. त्यातही ज्यांना आपलं प्रशिक्षण पुरेसं वाटलं आणि संस्था पाठीशी आहे असं वाटलं, त्यांना त्रास कमी झाला होता.

म्हणजे उपाय माहीत आहे आणि तो महागडाही नाही. पुढच्या साथीसाठी रुग्णालयं खाटा आणि ऑक्सिजन मोजतील, तेव्हा एक्सरे-सीटी विभागाचं प्रशिक्षण, हक्काची विश्रांती आणि समुपदेशन हेही त्याच यादीत यायला हवं.