ताडी, माडी आणि जवाची बिअर

चारकोप, गोराई, मनोरी हा साष्टीचा पश्चिम किनारा पूर्वीपासून ताडामाडांचा. १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोपच्या सखल जमिनीवर घरांचे भूखंड पडले. खाडीपलीकडे मात्र ताड अद्याप उभे आहेत. इकडे उपनगरांत लहान भट्ट्यांची बिअर मिळू लागली असून पुण्यास डूलाली नामक भट्टी २००९ सालीच निघाली. दोहोंची तुलना शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल, कारण एकीचे मूळ झाडात व दुसरीचे दाण्यात आहे.

माडाची पोय छेदून माडी व ताडाचा तुरा छेदून ताडी काढतात. शिंदीच्या मात्र खोडासच छेद देतात. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा. मडक्यास आतून चुना लावल्यास ती लवकर आंबत नाही. एरवी हवेतील किण्व काही तासांतच काम आरंभिते, आणि रस दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेविल्यास शिरक्याकडे झुकतो. म्हणून ताडीची पारख करणाराने प्रथम वेळ विचारावी, झाड मागाहून. याच किण्वाने ईस्ट इंडियन घरांत फुगियांचे पीठ फुगवीत. १८७८ च्या अबकारी कायद्याने छेदावयाच्या झाडांवर कर बसला. महसूल दफ्तरात उमर घालविलेल्या माणसास ताड म्हटले की चवीआधी आकारणी आठवते!

दाण्यात साखर आयती नसते. जव भिजवून मोड आणावे लागतात, मग ते वाळवितात, हाच माल्ट. मोडातील पाचकद्रव्ये गरम पाण्यात पिठाची साखर करितात. पुढे हॉप नामक वेलीची फुले घालून रस उकळतात, त्याने कडवटपणा येतो.

चाखताना फिक्यापासून आरंभ करावा, मधून साधे पाणी प्यावे, आणि बर्फासारखी गार बिअर टाळावी. गारठ्याने वास मरतो. लागर थंडाव्यात सावकाश मुरते व स्वच्छ लागते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरीस केळ्यालवंगेचा वास येतो, तो मसाल्याचा नव्हे, किण्वाचा. बेल्जियन पद्धतीत मात्र खरोखरच धने व संत्र्याची साल पडते. पेल एलमध्ये हॉप पुढे असतो. स्टाउट भाजलेल्या जवामुळे काळी व कॉफीसारखी कडसर. आमच्या मते मुरलेल्या माडीच्या आंबूसपणाची सवय असलेल्यास गव्हाची बिअर प्रथम रुचेल. महाराष्ट्रात एकवीस वर्षांखालील इसमास बिअर पिण्याची कायद्याने मनाई आहे, हे घरातील तरुणांस सांगून ठेवावे.

आता धान्याचा प्रश्न. जव पिकतो मुख्यत्वे राजस्थान व उत्तर प्रदेशात, आपल्याकडे ज्वारी. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठे कारखाने ज्वारी व मक्यावर आले. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीची बिअर घरोघरी पूर्वापार होते. म्हणजे आपल्या दाण्यास ही वाट बंद नाही. अडचणी दोन : ज्वारीच्या दाण्यास जवासारखे टरफल नसल्याने रस गाळणे जड जाते, आणि मोडात पाचकद्रव्ये कमी असल्याने ती पुष्कळदा बाहेरून घालावी लागतात. शिवाय दाणा एकसारखा उगवणारा हवा. खरिपाची, पावसात सापडून बुरशीने काळी पडलेली ज्वारी या कामी निरुपयोगी. रब्बीची टपोरी, कोरडी ज्वारीच चालेल.