मोडली म्हणून राहिली

न्यू जर्सी राज्यातल्या मॅडिसन गावात १९७० च्या दशकात एक शिक्षिका गडद हिरव्या रंगाची फोर्ड मस्टँग घेऊन शाळेत जायची. गाडीचं इंजिन ६.४ लिटरचं, ताकद ३२५ हॉर्सपॉवर, गिअर हाताने टाकायचे. शिक्षिकेचं नाव रॉबी कीरनन. तिचा नवरा रॉबर्ट विमा व्यवसायात होता. १९७४ साली 'रोड अँड ट्रॅक' मासिकातली एक छोटी जाहिरात वाचून त्याने ही गाडी काही हजार डॉलरांना घेतली होती. जाहिरातीत लिहिलं होतं ते खरं होतं: 'बुलिट' या चित्रपटात नायक स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग हीच.

'बुलिट' १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढउतारांवर ही मस्टँग आणि एक काळी डॉज चार्जर यांचा सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग त्यात आहे. त्यातल्या बहुतेक वेळात कोणी बोलत नाही, फक्त इंजिनं बोलतात. संकलक फ्रँक केलर यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. चित्रीकरण संपल्यावर गाडी आधी वॉर्नर ब्रदर्सच्या एका कर्मचाऱ्याकडे गेली, मग न्यू जर्सीतल्या एका पोलीस डिटेक्टिव्हकडे, आणि तिथून कीरननांच्या दारात आली. तिच्या बुडाशी कॅमेरे बसवण्यासाठी जोडलेल्या लोखंडी पट्ट्या तशाच होत्या. त्या पट्ट्यांसह ती रोज रस्त्यावर निघायची, सामान आणायची, शाळेबाहेर उभी राहायची.

१९८० मध्ये तिचा क्लच गेला. तेव्हा ती सुमारे पासष्ट हजार मैल चालली होती. ती उभी राहिली ती पुढची कित्येक वर्षं उभीच राहिली. कीरनन कुटुंबाच्या हातून ही गाडी इतकी वर्षं सुटली नाही, याचं एक मोठं कारण हा बिघडलेला क्लचच म्हणावा लागेल.

हे नीट समजायचं तर अशा गाड्या कोणासाठी निघाल्या आणि इतक्या लवकर कुठे गेल्या, ते पाहावं लागतं. 'मसल कार' म्हणजे साधारण मधल्या आकाराची, दोन दारांची, खिशाला परवडणारी गाडी आणि तिच्या नाकात बसवलेलं मोठ्या गाडीचं दणकट आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ ची पाँटियॅक जीटीओ ही या घराण्यातली थोरली मानली जाते. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. 'टेम्पेस्ट' या साध्या मॉडेलवर जीटीओ ही तीनशे डॉलरच्या आतली जादा सोय म्हणून दाखवली आणि ३८९ घनइंचांचं इंजिन आत सरकवलं. पाचेक हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

वेळही अचूक साधली गेली. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली जन्मलेली मुलं १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली होती. कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये पहिली नोकरी लागलेला मुलगा हप्त्याने अशी गाडी घेऊ शकत होता. फोर्ड, शेव्हरोले, डॉज, प्लिमथ, सगळे या शर्यतीत उतरले. (डॉज आणि प्लिमथ ही नावं जुन्या मुंबईकरांनाही ओळखीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात याच नावांच्या गाड्या जोडायला घेतल्या होत्या. मात्र त्या कुटुंबाने ऐसपैस बसावं अशा शांत गाड्या होत्या.) १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चं सर्वांत जोरकस इंजिन कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं होतं. ती गाडी शोरूममधून उचलून थेट घरी नेता येत होती.

आणि मग पाच-सहा वर्षांत सगळं ओसरलं. आधी विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि जोरकस इंजिन या जोडीवर हप्ता चढवला. काहींच्या बाबतीत विम्याचा बोजा गाडीच्या हप्त्याइतकाच जाचक झाला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांना धुराची मर्यादा आली. शिसंविरहित पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलांपासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि त्याबरोबर ताकद उतरली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. १९७३ च्या मे महिन्यात गॅलनला साधारण ३८ सेंट असलेलं पेट्रोल पुढच्या जूनपर्यंत ५५ सेंटांवर गेलं. न्यू जर्सीसारख्या राज्यांत सम आणि विषम नंबरप्लेटच्या गाड्यांना आळीपाळीने पेट्रोल मिळू लागलं. १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी अशा काळात पोसायची कशी? रॉबर्ट कीरनन यांनी आपली मस्टँग घेतली ती नेमकी याच वर्षी, जेव्हा इतर लोक अशा गाड्यांतून मोकळे होत होते.

पण आकडे बाजूला ठेवून अमेरिकेतल्या जुन्या घरांत विचारलं, तर गाडी का गेली याची कारणं फार घरगुती निघतात. लग्न झालं. पहिलं मूल झालं, आणि दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर बाळाला ठेवणं-काढणं म्हणजे कंबरेची परीक्षा. घराचं डाउन पेमेंट भरायचं होतं. व्हिएतनामला जायचा हुकूम आला आणि हप्ते भरणारं कोणी उरलं नाही. किंवा गाडी गंजली. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या तळाला, चाकांवरच्या कमानींना, ट्रंकला खात जातं. सात-आठ हिवाळ्यांत पायाखालचा पत्रा पोकळ झाला की गाडी भंगारात. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो या गाड्यांच्या माहेरी अशा असंख्य गाड्या याच मिठाने संपल्या.

तेव्हा ती फक्त जुनी गाडी होती. तिची किंमत पुढे वाढेल हे कोणाच्या मनात नव्हतं, म्हणून विकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड घ्या. शर्यतीच्या नियमांसाठी काढलेली, मागे खांद्याएवढा उंच पंख असलेली ही गाडी १,९०० च्या आसपासच बनली, तरी ती डीलरांकडे पडून राहिली. काहींनी तर लांबुळकं नाक आणि पंख काढून तिला साधी करून विकलं. दुसरीकडे, १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनली. त्यातली एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. मधल्या काळात अशा गाड्या वापरून विकणाऱ्या घरांसाठी त्यांचे पैसे म्हणजे एक महिन्याचा घरखर्च किंवा मुलाच्या कॉलेजची फी होती.

चालती गाडी विकता येते, बदलून नवी घेताना तिचे पैसे वळते होतात, शेजाऱ्याचा मुलगा रोख घेऊन दारात येतो. बंद पडलेल्या गाडीला गिऱ्हाईक नसतं. ती गॅरेजच्या कोपऱ्यात जाते, तिच्यावर खोकी चढतात, पुढच्या सुट्टीत बघू असं ठरतं, आणि दरम्यान पंचवीस वर्षं निघून जातात. शिकागोजवळची एक गोष्ट यासाठी प्रसिद्ध आहे. १५ एप्रिल १९६४ रोजी, म्हणजे मस्टँग अधिकृतपणे बाजारात येण्याच्या दोन दिवस आधी, २२ वर्षांच्या एका नव्या शिक्षिकेने आईवडिलांकडून पैसे उसने घेऊन निळी कन्व्हर्टिबल घेतली. किरकोळ ग्राहकाला विकलेली ती पहिली मस्टँग मानली जाते. तीही संसारात वापरली गेली, चार मुलांनी तिच्यात दंगा केला, आणि १९७९ मध्ये बिघडली. नवऱ्याने ती गॅरेजमध्ये लावली आणि सुमारे २७ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, स्वतः उभी केली. १९७९ मध्ये ती पहिल्या किल्लीला सुरू झाली असती, तर ती आज त्या घरात असती का, हा प्रश्न मनातून जात नाही.

ज्यांच्या गाड्या गेल्या, त्यांच्या घरात मागे फोटो उरले. अंगणात गाडीच्या बॉनेटवर बसलेली आजी, बेलबॉटममधले वडील, कडेला अर्धवट दिसणारी नंबरप्लेट. वडील थकले की मुलं त्या प्लेटवरून शोध सुरू करतात. रिकाम्या दावणीकडे बघून बैलांची नावं घेणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला ही ओढ समजावून सांगायला नको.

शोध मात्र सोपा नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार वाहन नोंदणी कार्यालय मालकाचं नाव आणि पत्ता असा कोणालाही देऊ शकत नाही. प्लेट राज्यागणिक आणि अनेकदा मालकागणिक बदलते, म्हणून खरा धागा चासी नंबराचा. तो विम्याच्या जुन्या कागदावर, बँकेच्या हप्तापुस्तिकेत, कधी दुरुस्तीच्या बिलावर सापडतो. फोर्डवाल्यांचं नशीब बरं. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची उत्पादन माहिती मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे आहे, आणि नंबर दिला की गाडी कोणत्या रंगात, कोणत्या सोयींसह, कोणत्या डीलरकडे गेली ते कळतं. प्लिमथ-डॉजच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा कागद कधी कधी पन्नास वर्षांनी हाती लागतो. शेव्हरोलेवाल्यांना बहुतेकदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेल्या तशाच कागदावर भिस्त ठेवावी लागते.

तरी गाड्या सापडतात. न्यूयॉर्कमधून १९६९ च्या जानेवारीत चोरीला गेलेली एक निळी कॉर्व्हेट २००५ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात सापडली. ती जहाजातून स्वीडनला निघाली होती. कस्टमच्या नेहमीच्या तपासणीत तिचा नंबर जुन्या चोरीशी जुळला आणि ३७ वर्षांनी ती मूळ मालकाच्या हाती आली.

हरवलेल्या गाडीमागे लागलेल्यांत स्वतः मॅक्वीनही होता. १९७७ च्या डिसेंबरात त्याने कीरननांना एक छोटं पत्र पाठवलं. आपल्याला ती मस्टँग परत हवी आहे, ती घरातच राहावी आणि मूळ स्थितीत राहावी अशी इच्छा आहे, फार पैसे पडणार नसतील तर बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो, असा त्याचा आशय होता. जगातला सर्वांत महागडा नट मानला गेलेला माणूस विनंती करत होता. रॉबर्ट यांनी गाडी दिली नाही. १९८० मध्ये गाडी बंद पडली आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मॅक्वीन पन्नासाव्या वर्षी वारला.

कीरननांचा मुलगा शॉन जन्मला तेव्हा मस्टँग आधीच उभी होती. आईबाबांच्या बोलण्यातली धावणारी गाडी आणि डोळ्यांसमोरची धूळ खाणारी गाडी, अशा दोन गाड्या त्याच्या लहानपणी होत्या. कुटुंब केंटकीला गेलं, मग टेनेसीला. गाडीही सोबत गेली. जगभरचे चाहते तिचा माग काढत होते, पण घरच्यांनी फारशी वाच्यता केली नाही. २००१ मध्ये फोर्डने 'बुलिट' नावाची नवी मस्टँग काढली, तेव्हा बापलेकांनी आपली दुरुस्त करायचा बेत केला. पुढे रॉबर्ट यांना पार्किन्सन्सने गाठलं. २०१४ मध्ये ते गेले.

उरलेलं काम शॉनने केलं. त्याने तिला चालती केलं. रंग मात्र नवा दिला नाही. ओरखडे, गंज, कॅमेऱ्याच्या पट्ट्या सगळं राहू दिलं. १४ जानेवारी २०१८ रोजी डेट्रॉइटच्या मोटर शोमध्ये ती फोर्डच्या नव्या 'बुलिट'शेजारी उभी राहिली. मॅक्वीनची नात मॉली त्या सोहळ्याला होती. मस्टँगसाठी पत्र लिहिणाऱ्याची आणि नकार देणाऱ्याची अशी दोन्ही घरं त्या गाडीपाशी एकत्र आली. त्याच वसंतात वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ती लोकांना बघायला ठेवली होती.

चालू झालेली गाडी विकता येते. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे ती लिलावाला आली. बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. शुल्कासह किंमत झाली ३७ लाख ४० हजार डॉलर, लिलावात तोवर कुठल्याही मस्टँगला मिळाली नव्हती एवढी. घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. पंचेचाळीस वर्षं एका घराची असलेली गाडी मंचावरून खाली उतरली तेव्हा तिच्या अंगावर शाळेच्या वाटेवरचा तोच, आता विटलेला हिरवा रंग होता.