हातात विमान, पाय जमिनीवर

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून आलेले प्रवासी विमान उतरले आणि या शहराची हवाई सेवेसाठीची दीर्घ प्रतीक्षा संपली. अकोल्याची शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालची. आज पंचाहत्तरी गाठलेल्या वाचकांपेक्षाही वयाने मोठी. वऱ्हाडातल्या माणसाला आकाशाकडे मान वर करून पाहण्याची हौस नवी नाही. आपल्यापैकी काहींनी महाविद्यालयात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंगचे धडेही गिरवले असतील. तारेला बांधलेले लाकडी विमान स्वतःभोवती गरगर फिरवताना आलेली चक्करही आठवत असेल.

आता काळ रेडिओ-नियंत्रित विमानांचा आहे. पुण्याला किंवा परदेशी असलेला नातू दिवाळीला येताना फोमचे हलके विमान आणतो. आजोबा उत्साहाने ते उडवतात, ते दोनदा आपटते, तिसऱ्यांदा शेजारच्या तुरीत शिरते. मग घरातून आवाज येतो, ‘आबाजी, राहू द्या आता.’ विमान कपाटावर जाते आणि त्यासोबत आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडण्याचे एक कारणही जाते. हा लेख ते विमान कपाटावरून खाली काढण्यासाठी आहे. आपल्यासाठी तर आहेच, पण ‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांसाठीही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा चपळ बोटांचा, तरुणांचा खेळ आहे, असे अनेकांना वाटते. वाढत्या वयात प्रतिक्रियेचा वेग मंदावतो हे खरेच. परंतु चांगले उड्डाण हे वेगवान प्रतिक्रियेवर नव्हे, तर प्रतिक्रियेची गरजच पडू न देण्यावर अवलंबून असते. पुरेशी उंची, संथ वेग, हलका हात आणि ठरलेला मार्ग या चार गोष्टी सांभाळणारा सत्तर वर्षांचा माणूस घाईच्या वीस वर्षांच्या मुलापेक्षा विमान अधिक वेळा धडपणे खाली आणतो. म्हणून विमान निवडताना पंख वरच्या बाजूला असलेले, पंखांची टोके किंचित वर उचललेली, संथ उडणारे ‘ट्रेनर’ जातीचे निवडावे. स्टिक सोडताच ते बरेचसे आपोआप सरळ होते. लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती नातवासाठी ठेवावी.

सर्वांना अडवणारी खरी अडचण दिशेची आहे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा उजवी स्टिक म्हणजे उजवीकडे, हे सोपे. तेच विमान वळून आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटे होते. स्टिक उजवीकडे नेली की विमान आपल्या डावीकडे जाते. मेंदू क्षणभर गोंधळतो, हात चुकीच्या बाजूला जातो आणि तेवढ्यात जमीन येते. तरुण मुले अशा वेळी विमानाकडे पाठ करून खांद्यावरून मागे पाहतात. आपण ते करू नये. मानेला आणि तोलाला ते महागात पडते. त्याऐवजी एकच सूत्र लक्षात ठेवावे: येणाऱ्या विमानाचा जो पंख आपल्याला खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यावी. कललेल्या मांडवाला ज्या बाजूने टेकू देतो, तसा त्या पंखाला स्टिकचा टेकू द्यावा. डावे-उजवे आठवत बसण्याची गरज उरत नाही. हे डोक्याला पटायला एक मिनिट लागते. हाताला पटायला मात्र काही आठवडे लागतात. ते आठवडे संगणकावरच्या सिम्युलेटरवर घालवावेत. तिथे विमान शंभरदा आपटले तरी खर्च शून्य. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पडद्याकडे पाहून गरगरू लागले तर त्याआधीच थांबावे.

या आठवड्यांना वाया गेलेला वेळ समजू नये. २०१४ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयोगटातील माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम अशी नवी आणि कठीण कला शिकवली. काहींनी तेवढाच वेळ गप्पा, सहली अशा परिचित गोष्टींत घालवला. नवे शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारलेली आढळली. त्यात विमाने नव्हती, आणि विमान उडवल्याने विस्मरणाचा आजार टळतो असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु जे येत नाही ते चिकाटीने शिकणे आणि जे येते तेच करत राहणे यांत मेंदूच्या दृष्टीने फरक आहे, एवढे या अभ्यासातून नक्की घेता येईल.

आता मैदानाकडे. वऱ्हाडात यासाठी सर्वांत चांगला काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. सोयाबीन निघाल्यावर काही वावरे मोकळी होतात; पऱ्हाटी मात्र उलंगवाडी होईपर्यंत उभी असते, तेव्हा शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यापलीकडे जाऊ नये. वेळ सूर्योदयानंतरच्या दीड-दोन तासांची. त्यामागे कारण आहे. ऊन चढले की आपली काळी जमीन झपाट्याने तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर उठते, आणि हलके विमान त्या उसळीत पतंगासारखे हेलकावे खाऊ लागते. सकाळची हवा स्थिर असते. उन्हाळ्यात, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, हा छंद सरळ बंद ठेवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी आणि क्षार उन्हात लवकर घटतात. त्यांनी मार्चपासूनच सावध असावे.

उभे राहण्याची जागा हा तर औषधाइतकाच महत्त्वाचा विषय. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे सकाळी तोंड पश्चिमेला. विमान सूर्याच्या रेषेतून कधीही नेऊ नये. मोतीबिंदू असलेल्यांना लखलखाटाने काही क्षण काहीच दिसेनासे होते, आणि तेवढे क्षण विमान हरवायला पुरेसे असतात. विमान डोक्यावर नव्हे, समोर ठेवावे: सुमारे ६० मीटर अंतरावर आणि ३० मीटर उंचीवर. मग नजर क्षितिजापासून जेमतेम पंचवीस-तीस अंश वर जाते आणि मान मागे टाकावी लागत नाही. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना मान मागे टाकून वर पाहत राहिल्याने चक्कर येऊ शकते, आणि वर पाहत पाहत मागे सरकणारा माणूस तर हमखास पडतो. म्हणून पाठ असलेली भक्कम खुर्ची न्यावी आणि बसून उडवावे. यात कमीपणा काही नाही. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाय मुरगळण्यापेक्षा खुर्ची केव्हाही बरी. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर दूरच्या नजरेचा स्वतंत्र चष्मा वापरावा.

हात थरथरत असतील तर निराश होऊ नये. बहुतेक चांगल्या ट्रान्समीटरमध्ये ‘एक्स्पो’ नावाची सोय असते. तिच्यामुळे स्टिकच्या मध्याजवळच्या बारीक हालचालींचा परिणाम सौम्य होतो, आणि थरथर विमानापर्यंत फारशी पोहोचत नाही. ट्रान्समीटर गळ्यातल्या पट्ट्याला अडकवावा आणि स्टिक नुसत्या अंगठ्याने न ढकलता अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरावी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी ट्रान्समीटर छातीला टेकवू नये आणि सुरुवातीलाच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

कौशल्य वाढवायचे म्हणजे कसरती शिकायच्या, असे मुळीच नाही. पहिले काही महिने दोनच गोष्टी घोटाव्यात. एक, समोरच्या समोर आडवा इंग्रजी आठ काढणे. त्यात डावे आणि उजवे दोन्ही वळण येते आणि विमान कधीही डोक्यावरून जात नाही. दुसरी, उतरणे. बहुतेक विमाने आकाशात नव्हे, उतरताना मोडतात. विमान खाली येताना मंदावते, पडते आहे असे वाटते, आणि ते वर ठेवण्यासाठी आपण स्टिक मागे ओढतो. इथेच घात होतो. वेग आधीच कमी, त्यात नाक वर उचलले की पंखांची उचल संपते आणि विमान दगडासारखे कोसळते. फार हळू चालवलेली सायकल डगमगते, तिला जरा पुढे ढकलावे लागते. तसेच नाक किंचित खाली करून वेग परत मिळवावा. किती खाली यायचे ते थ्रॉटलने ठरवावे, किती वेगाने यायचे ते नाकाने. वाऱ्याला तोंड देऊनच उतरावे. आणि एका सकाळी उतरण्याचा विचार बाजूला ठेवून, माणसाच्या उंचीपर्यंत येऊन पुन्हा वर जाणे असे पाच-सहा वेळा करावे. पुन्हा वर जाता येते हे हाताला कळले की उतरण्याची भीती निम्मी होते.

एका उड्डाणाला सहा मिनिटांची मर्यादा घालावी आणि सकाळी दोन-तीन उड्डाणांवर थांबावे. बॅटरीलाही ते मानवते, आपल्यालाही. क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून जवळ ठेवावा: आधी ट्रान्समीटर सुरू, मग विमानाची बॅटरी, उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी बंद, मग ट्रान्समीटर. बॅटरी जोडली त्या क्षणापासून समोरचा पंखा फिरतोच आहे असे समजून वागावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर विमान हाताने भिरकावण्याचे काम दुसऱ्यालाच द्यावे, कारण बोटाला झालेली लहानशी जखमही त्यांना जड जाऊ शकते. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली तर वापरू नये, आणि रात्री झोपताना चार्जिंगला लावून ठेवू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात साखर किंवा गूळ असावा, आणि पायांत बंद बूट असावेत.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठीच्या प्रतिकृती विमानांचाही समावेश आहे. विमान कायम नजरेच्या टप्प्यात ठेवायचे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर, उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचे नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर नकाशा पाहता येतो. नातवाला तेवढे काम सांगावे. बेलोऱ्याच्या बाबतीत हे अधिकच गांभीर्याने घ्यावे. तिथे वैमानिकांची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ साली जाहीर झाले आहे, आणि शिकाऊ वैमानिकाच्या वाटेत आपले खेळणे येणे परवडणारे नाही.

आता काळजी घेणाऱ्यांशी दोन शब्द. आपले काम ट्रान्समीटर हिसकावण्याचे नाही; आपले काम दुसऱ्या डोळ्यांचे आहे. उडवणाऱ्याची नजर विमानावर खिळलेली असते. ‘डावीकडून गुरे येत आहेत’, ‘चार मिनिटे झाली’, ‘वारा फिरला’ हे शांत आवाजात सांगणारे कोणीतरी शेजारी हवे. विमान पडले तर ते आणायला आपण जावे, पण कसे पडले याचा पंचनामा करू नये. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडण्याची सोयही मिळते. गरज पडली तर एका खटक्यात ताबा दुसऱ्याकडे जातो. चुकांमधला बदल मात्र टिपत राहावा. आठ सहज काढणारी व्यक्ती काही आठवड्यांतच पुन्हा दिशा चुकू लागली, बॅटरीचा क्रम वारंवार विसरू लागली, विमान दोन-दोन दिसते म्हणू लागली, तर दोष छंदाला देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि बोलणे अडखळले किंवा हात अचानक जड पडला, तर विमान जिथे पडायचे तिथे पडू द्यावे आणि तडक मोठे रुग्णालय गाठावे.

नजर फारच कमी झाली म्हणून हा छंद संपतोच असे नाही. अमेरिकेतील मेनार्ड हिल यांचे उदाहरण ऐकण्यासारखे आहे. त्यांची दृष्टी कायद्याने अंध ठरावी इतकी अधू झाली होती आणि ऐकूही कमी येत असे. तरी हाताच्या स्पर्शाने त्यांनी हलक्या बाल्सा लाकडाची विमाने घडवली, मित्रांचा गट जमवला आणि अटलांटिक महासागर ओलांडण्याचा ध्यास घेतला. आधीची विमाने हरवली. ऑगस्ट २००३ मध्ये, हिल ७७ वर्षांचे असताना, कॅनडातील न्यूफाउंडलंडहून सोडलेले ५ किलोंहून कमी वजनाचे विमान सुमारे ३९ तासांत ३,००० किलोमीटर कापून आयर्लंडला पोहोचले. वाटेत त्याला यंत्रणेने मार्ग दाखवला, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर थांबलेल्या एका सहकाऱ्याने ते उतरवले. घडवणारा एक, उतरवणारा दुसरा. आपल्या घरातही आजोबांनी पंख चिकटवावेत आणि नातीने उडवावे, अशी वाटणी करता येते. फोमचे पंख चिकटवण्यासाठी तर फार तीक्ष्ण नजरही लागत नाही.

एक शेवटची सूचना, कारण हे आपल्याकडे होणारच. विमान कधी ना कधी बाभळीवर अडकेल. झाडावर कोणी चढू नये, मुलांनीही नाही. आंबे उतरवायची लांब बांबूची आकडी आधीपासून गाडीत ठेवावी. ते विजेच्या तारेवर अडकले असेल तर आकडीही लावू नये. महावितरणच्या माणसाला बोलवावे आणि तो येईपर्यंत सावलीत बसून चहा घ्यावा.