झाकली मूठ
खेळामागचे व्यवहार : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकी फुटबॉलमधल्या पगाराच्या कमाल मर्यादेचा हिशेब पाहिला. हा हिशेब कळला की आजचा प्रश्न सोपा होतो : संघ बदलण्याची चर्चा रंगात असताना मोठा खेळाडू गप्प का बसतो?

२९ एप्रिल २०२१. एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा, म्हणजे ड्राफ्टचा पहिला दिवस. त्या दुपारी ईएसपीएनच्या अ‍ॅडम शेफ्टरने बातमी दिली, की अ‍ॅरन रॉजर्स ग्रीन बे पॅकर्सवर नाराज आहे आणि त्याला तिथे परतायचे नाही. रॉजर्स हा क्वार्टरबॅक. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून नुकतीच त्याची तिसऱ्यांदा निवड झाली होती. बातमीने खळबळ उडाली. रॉजर्स मात्र नेमके काही सांगेना.

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातले लाखभर वस्तीचे शहर. इथल्या संघाला कोणी धनाढ्य मालक नाही. १९२३ पासून तो लोकांनी घेतलेल्या शेअरांवर उभा आहे आणि २०२१ मध्ये त्याचे साडेतीन लाखांहून अधिक भागधारक होते. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. संघ आपला आहे, एवढेच त्याचे मोल. अशा गावात २००५ पासून खेळणारा माणूस घरातलाच होऊन जातो. त्याचे गप्प बसणे मग घरातल्या अबोल्यासारखेच सलते.

चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, करार २०२३ पर्यंतचा आहे. सही केली, तर शब्द पाळावा. दुसरा २०२० च्या ड्राफ्टकडे बोट दाखवी. तेव्हा संघाने वरच्या क्रमांकाची निवड मिळवून जॉर्डन लव्ह हा तरुण क्वार्टरबॅक घेतला होता आणि रॉजर्सला आधी कल्पनाही दिली नव्हती. शिवाय जानेवारीतला पराभव ताजा होता. टँपा बेविरुद्ध आठ गुणांनी मागे, जेमतेम दोन मिनिटे उरलेली, गोलरेषा आठ यार्डांवर. आणि प्रशिक्षक मॅट लफ्लूर यांनी रॉजर्सच्या हाती चेंडू न देता तीन गुणांची किक घेतली. सामना ३१-२६ असा गेला. मे महिन्यात संघाचा सराव सुरू असताना रॉजर्स हवाईत सुट्टीवर होता. तिथल्या छायाचित्रांतूनही लोक अर्थ काढत बसले. या प्रकरणाने चाहत्यांत फूट पडल्याचे संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी यांनाच जूनमध्ये लिहावे लागले.

आता व्यवहार समजून घेऊ. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडूला नव्या क्लबशी स्वतः करार करावा लागतो. त्याच्या होकाराशिवाय बदली होत नाही. एनएफएलमधल्या ट्रेडमध्ये चालू करारच एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो. करारात खास अट नसेल, तर खेळाडूला विचारण्याचे बंधन नाही. रुसून घरी बसावे, तर मुख्य सराव शिबिर चुकवल्याचा दंड अनुभवी खेळाडूला दिवसाला ५० हजार डॉलर, आणि तो माफ करण्याची मुभा संघालाही नाही.

अशा वेळी झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘जातो’ म्हटले, तर संघाला विकणे भाग आहे हे ओळखून गिऱ्हाईक भाव पाडते. ‘राहतो’ म्हटले, तर संघावरचा दबाव तिथेच संपतो. त्यात पुन्हा १ जूनची तारीख असते. करारावेळी दिलेली मोठी रक्कम पगाराच्या कमाल मर्यादेच्या हिशेबात अनेक वर्षांवर वाटलेली असते. १ जूनपूर्वी ट्रेड केला, तर उरलेला सगळा बोजा त्याच वर्षावर पडतो. नंतर केला, तर तो दोन वर्षांत विभागला जातो. मे संपत आला की अफवांना ऊत येतो, तो यामुळे.

जूनमधले सक्तीचे छोटे शिबिर रॉजर्सने चुकवले. २८ जुलैला तो ग्रीन बेमध्ये पत्रकारांसमोर आला आणि मोकळेपणाने बोलला. मुद्दा फक्त पैशांचा नव्हता. ज्या निर्णयांचा आपल्या कामावर परिणाम होतो, त्यांत आपले मत घेतले जावे, ही त्याची मागणी होती. जॉर्डी नेल्सन, चार्ल्स वुडसन यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांना मानाने निरोप मिळाला नाही, याचेही दुःख त्याने सांगितले. त्या हंगामात तो पॅकर्सकडूनच खेळला आणि चौथ्यांदा सर्वोत्तम ठरला. अखेर २०२३ मध्ये तो ट्रेड होऊन न्यूयॉर्क जेट्सकडे गेला.

मला त्या जुलैतल्या बोलण्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ‘हा संघ माझाही आहे, मला विचारा,’ असे रॉजर्सचे म्हणणे होते. ‘हा संघ आमचा आहे, आम्हाला सांगा,’ असे तीन महिने चाहते म्हणत होते. एकाच्या हाती करार, दुसऱ्यांच्या हाती शेअरचा कागद. निर्णयाच्या खोलीत दोघांनाही जागा नव्हती. एकमेकांवर चिडलेल्या या दोघांचे गाऱ्हाणे एकच होते. म्हणून खेळाडू गप्प असेल, तर त्याला कृतघ्न ठरवण्याआधी त्याचा करार वाचावा, आणि ज्यांना बोलायला कोणाची आडकाठी नाही, त्या संघचालकांना पहिला प्रश्न विचारावा.

(पुढील लेखांकात : ड्राफ्ट – नव्या खेळाडूचा संघ कोण ठरवते?)